तुझ्या फुफ्फुसातली चांदी

शैला,

शेखरनं आणलेला हार मी फाटकाबाहेर फेकला.

द्वारदर्शनाचा दिवस होता, लोक भेटायला येत होते. अंगणात सतरंज्या घातलेल्या, बायका आत, पुरुष बाहेर. तो पांढऱ्याशुभ्र कपड्यांत आला, निशिगंधाचा जाडजूड हार घेऊन. तुझ्या फोटोपुढे वाकला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. खरं असेलही. मी उठलो, त्याच्या हातातून हार ओढला आणि रस्त्यावर भिरकावला. एका रिक्षावाल्यानं ब्रेक मारला.

"शेखरभाऊ," मी म्हणालो, "या घरात तुम्ही रडायचं नाही."

आवाज मोठाच निघाला. जळगावच्या स्टँडवर जन्मभर गाड्या पुकारल्या, हळू बोलायला मी कधी शिकलो? तू म्हणायचीस, "अहो, आवाज कमी करा, मी फलाट नाही." त्या दिवशी सगळी गल्ली फलाट झाली होती. तुझा भाऊ नाना माझा दंड धरून कुजबुजला, "दाजी, दारावर आलेल्या माणसाला असं करू नये. अक्काला आवडलं नसतं."

बरोबर आहे त्याचं. तुला आवडलं नसतं. तू त्याला पाटावर बसवून पाणी दिलं असतंस, आणि मग शांतपणे विचारलं असतंस, "भाऊ, तो पंखा कधी बसवणार होता तुम्ही?"

मला तसं विचारता येत नाही. येणारे-जाणारे म्हणतात, गेलेल्या माणसाच्या मागे राग धरू नये, जीव अडकून राहतो. मग राहू दे अडकून. तुझा जीव इथं कुठं तरी, या स्वयंपाकघरात, दारामागे लटकलेल्या तुझ्या ऑक्सिजनच्या नळीपाशी अडकून राहणार असेल, तर मी जन्मभर राग धरायला तयार आहे.

शेखर हा तुझ्या कारखान्याचा मालक होता, हे मला पुष्कळदा विसरायला व्हायचं. अमळनेरच्या कॉलेजात तो तुझ्या मागच्या वर्गात. तू केमिस्ट्रीत पहिली यायचीस आणि तो तुझी जर्नलं उतरवून काढायचा. घरचा सोन्याचांदीचा धंदा सोडून त्यानं एमआयडीसीत प्लॅस्टिकच्या चटयांचा कारखाना टाकला आणि माल तपासायला तुला बोलावून नेलं. "ताई, तुम्ही आल्यात म्हणजे मला निवांत झोप लागेल," असं आपल्याच ओट्यावर बसून म्हणाला होता. दर भाऊबीजेला तो यायचा. तू त्याला ओवाळायचीस. मी बाजूला बसून करंज्या खायचो आणि मला तो माणूस आवडायचाही, हे आता सांगताना दात-ओठ खावेसे वाटतात.

मग एक दिवस तू घरी आलीस ती उड्या मारतच. वय काय, उड्या काय! हातात एक बाटली, तळाशी पिवळसर-तपकिरी पाणी.

"ओळखा काय आहे?"

"काढा."

"चांदी आहे, चांदी!"

मी बाटली उन्हात धरली. चांदीचा मागमूस नाही. तू मग मला समजावलंस. तव्यावर भाकरी होती, ती करपली, तरी तू थांबली नाहीस. केस घ्या, म्हणालीस, तो उभा चिरा, चिरलेला पुन्हा चिरा, चिरतच राहा, हात थकले तरी चिरा. तेवढा बारीक कण. "आणि गंमत ऐका. वस्तू इतकी बारीक झाली की तिचा स्वभाव पालटतो. अंगठीतली चांदी निजलेली असते हो. ही जागी आहे. जंतू दिसला की खाते."

"स्वभाव कसा पालटेल? चांदी ती चांदी."

"तुम्ही नाही का, तुमच्या आईसमोर लहान होता, आणि मग ओळखूसुद्धा येत नाही."

त्या करपलेल्या भाकरीवर आपण शेवभाजी खाल्ली होती. तुझ्या तोंडावर जे तेज होतं ते मी आपल्या लग्नातही पाहिलेलं नव्हतं. मला वाटलं, हिला हवं ते काम मिळालं. आज वाटतं, ती बाटली तेव्हाच मोरीत ओतायला हवी होती. पण तू म्हणाली असतीस, मोरीत नको, मोरीतले जंतूसुद्धा उपयोगाचे असतात.

शेखरनं त्या चटईला नाव दिलं, "चांदीची चटई". वेष्टनावर हसरं बाळ, खाली मोठ्या अक्षरांत नॅनो. नॅनो म्हणजे काय हे ना विकणाऱ्याला ठाऊक, ना घेणाऱ्याला. लोकांना वाटायचं, काही तरी परदेशी, चांगलंच असणार. माल रावेरपासून नंदुरबारपर्यंत खपला. कारखान्यात एका बाजूला पत्र्याची खोली बांधली. विणलेल्या चटया त्या खोलीतून सरकायच्या, वरून फवारे उडायचे, आणि आत उभ्या बायका ओल्या चटया उलटायच्या. खोलीला खिडकी नव्हती. वारा लागला की फवारा वाया जातो म्हणे.

पहिल्या हंगामातच तू त्याला सांगितलंस की हवा खेचून बाहेर गाळून सोडणारा पंखा हवा आणि साधा फडका चालणार नाही, बारीक कण अडवणारे मास्क हवेत. तो म्हणाला, "ताई, दिवाळीनंतर नक्की." दिवाळी गेली. मग म्हणाला, "उन्हाळ्याचा सीझन काढून घेऊ." मग नवी मशीन आली, तिच्यामागे आणखी नवी मशीन आली. पंखा आला नाही. बायका ओढणीचं टोक नाकावर बांधून उभ्या राहायच्या. आणि तूही आत जायला लागलीस.

यावरून आपलं भांडण झालं, आठवतं? तू घरी आलीस की तुझ्या भुवयांवर बारीक चकाकी असायची. मी म्हणालो, तू केमिस्ट आहेस, तुझं काम काचेमागे. आत कशाला जातेस?

"पोरींना आत पाठवून मी काचेमागे बसू?"

"मग नोकरी सोड."

"सोडते. मग त्यांच्यासाठी बोलेल कोण? तुम्ही? स्टँडवरून?"

मी ताट सरकवून उठलो होतो. तू दुसऱ्या दिवशी माझ्या डब्यात भरीत-पुरी दिलीस आणि आपण त्या विषयावर पुन्हा बोललो नाही. ते भांडण तसंच राहिलंय, शैला. मी आजही म्हणतो, सोडायला हवी होतीस. आणि तूही आजही म्हणशील, नाही.

दगडूआबांची गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती, ती तुझी होती. कारखान्यामागच्या नाल्याकाठी आबांचा मळा. त्यांच्या घरी गोबरगॅस, कित्येक वर्षं त्यावर स्वयंपाक. कारखान्याचं धुवणाचं पाणी नाल्यात यायला लागलं आणि आबा शेण कालवायला तेच पाणी घ्यायचे, कारण विहीर लांब. मग गॅस मंद झाला आणि एक दिवस बंदच पडला. त्यांनी टाकी साफ केली, नवं शेण घातलं, पाइप बदलला. गॅस येईना. ते कारखान्याच्या दाराशी येऊन वॉचमनशी भांडत होते, "तुमना पानीमा काय शे ते सांगा!" सगळे हसले. शेण सडत नाही म्हणून कारखान्याशी भांडणारा म्हातारा.

तू हसली नाहीस. तू बाहेर गेलीस, त्यांच्याबरोबर मळ्यात गेलीस, टाकीच्या कडेला उभी राहिलीस. संध्याकाळी मला म्हणालीस, "शेणाचा गॅस जंतू करतात हो. आपण जंतू मारायची चटई करतो. आपलं काम आपण चोख केलंय." आणि तू रडायला लागलीस. मला कळेना, कुणाच्या गोबरगॅससाठी माणूस रडतं का? आता कळतं. ते टाकीत झालं तर जमिनीत काय होत असेल, आणि आत उभ्या पोरींच्या छातीत काय होत असेल, हे तुला त्या दिवशी दिसलं होतं.

आबांना तू विहिरीचंच पाणी वापरायला सांगितलंस, चांगल्या टाकीतलं शेण विरजणासारखं आणून दिलंस. हळूहळू त्यांचा गॅस पुन्हा धरला. शेखरला तू हे सांगायला गेलीस तेव्हा तो म्हणाला, "ताई, चांदीचा वर्ख आपण मिठाईवर खातो. तुम्ही एवढ्या शिकलेल्या, आणि शेणावर विश्वास ठेवता?"

शेणावर! मी त्याला ते वाक्य परत केलं, शैला. कसं ते सांगतो.

तुझा खोकला आधी धुळीचा होता, मग ॲलर्जीचा झाला, मग गल्लीतल्या डॉक्टरांनी टीबी म्हणून गोळ्या सुरू केल्या. त्या गोळ्यांनी तुझी लघवी लाल झाली, भूक मेली, खोकला तसाच. तू जिना चढताना मध्ये थांबायला लागलीस आणि मला म्हणायचीस, तुळशीला बघतेय. जिन्यातून तुळस दिसत नाही. धुळ्याला छातीच्या डॉक्टरांकडे गेलो तो रस्ता, एरंडोल, पारोळा, प्रत्येक थांब्यावर मला ओळखणारे कंडक्टर, "काय साहेब, इकडं कुठं?" आणि मी हसून म्हणायचो, "बायकोला फिरवायला नेतोय." तू खिडकीला डोकं लावून बसलेली.

धुळ्याच्या त्या डॉक्टरीणबाई पहिल्या. एवढ्या डॉक्टरांत पहिल्या, ज्यांनी तुला विचारलं, "तुम्ही काम काय करता?" तू सांगायला लागलीस. धाप लागत होती, तरी सगळं सांगितलंस. फवारा, खोली, कण केवढा, कशात मिसळलेला. त्यांनी पेन खाली ठेवलं. बाहेर आल्यावर तू मला म्हणालीस, "आज कुणी तरी माझा विषय विचारला." तुझ्या चेहऱ्यावर पुन्हा तेच तेज. मला तेव्हा भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं.

आणि इतकं होऊनही तू त्या कणाची बाजू घ्यायचीस! नाकात नळी, ओठ निळे, आणि मी शिव्या घातल्या की तुला राग यायचा. "चांदीला बोलू नका. भाजलेल्या माणसाच्या जखमेवर हीच लावतात. चांदीचं काय चुकलं? सुरीनं कांदा कापायचा की गळा, ते हात ठरवतो."

"मग तो हात मी तोडतो."

"तोडू नका. त्याला बांधा. नियम करायला लावा. कायदा विचारतो, वस्तू कोणती. तो विचारतच नाही की वस्तू केवढी. एवढं एक त्याला विचारायला लावा, मला पुरे."

हे आपलं दुसरं भांडण. तुला नियम हवा होता. मला शेखर हवा होता.

शेवटच्या आठवड्यात तू मुक्ताला जवळ बोलावलंस, मला बाहेर पाठवलंस. लेकीला काय सांगितलंस ते मला तू गेल्यावर कळलं. धुळ्याच्या रुग्णालयात, सकाळी, ओसरीत ऊन आलेलं. नर्सनं तुझ्या नाकातली नळी काढली. मी भिंतीला टेकलो होतो. मुक्ता पुढे आली, डोळे कोरडे, आणि डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "आईची इच्छा आहे. न्यायच्या आधी तिचं फुफ्फुस काढून तपासा."

नाना ओरडला. "अक्काची चिरफाड? सवाष्ण बाईची? दाजी, तुम्ही हे होऊ देणार?"

मी काही बोलायच्या आत जिन्यावरून शेखर आला. त्याला कुणी कळवलं, अजून कळलं नाही. खाली त्यानं गाडी उभी केली होती, फुलांनी सजवलेली. त्यानं नानाच्या खांद्यावर हात ठेवला. मला म्हणाला, "भाऊजी, ताईचे हाल झालेत तेवढे पुरे. कशाला आता चिरफाड? सगळी व्यवस्था मी केलीय. दुपारपर्यंत जळगावात पोचू, दिवस मावळायच्या आत सगळं उरकू."

उरकू. तो शब्द मी ऐकला आणि माझ्या मनातला सगळा गोंधळ निवळला. मला खरं तर नकोच होतं, शैला. तुझ्या अंगाला कुणी सुरी लावावी हे मला सहन होत नव्हतं. नाना म्हणत होता तेच माझंही मन म्हणत होतं. पण ज्या माणसाला एक पंखा बसवायला कधी वेळ झाला नाही, त्याला तुला जाळायची एवढी घाई?

मी डॉक्टरीणबाईंना म्हणालो, "काढा. माझी सही घ्या." शेखरला म्हणालो, "तुमची गाडी घेऊन जा. माझ्या बायकोला मी एसटीनं नेईन, पण तुमच्या गाडीत नाही."

एसटीनं नाही नेलं. मुक्तानं रुग्णवाहिका बघितली. पण तू हसली असतीस.

त्यानंतर काही आठवड्यांनी बाईंनी बोलावलं. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली व्रण दिसत होते, कण दिसत नव्हते. त्यासाठी त्यांनी तुकडा बाहेरच्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठवला होता. त्यांनी मला खुर्ची दिली. "चांदी आहे," म्हणाल्या. "खूप खोलवर. फवाऱ्यातलं चिकट द्रव्यही आहे. हे मी कुठंही शपथेवर सांगेन."

"म्हणजे चांदीनं मारलं."

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. "ती तिथं आहे, एवढं मी सांगू शकते. तिनंच मारलं असं म्हणायला अजून माणसं तपासावी लागतील. एकावरून नाही म्हणता येत."

मी खुर्चीचा हात एवढा दाबला की त्याचं रेक्झिन फाटलं. तुझं सगळं आयुष्य, तुझं शरीर सुद्धा उघडून दिलंस तू, आणि ते पुरत नाही! आणखी माणसं. म्हणजे कोण? मग मला लता आठवली.

लता, फवाऱ्याच्या खोलीतली, एरंडोलकडच्या खेड्यातली. चटया उलटायला तुझ्या शेजारी उभी असायची. तुझ्या दिवसकार्याला आली होती आणि ओट्याच्या कोपऱ्यात बसून पदरात खोकत होती. मी तिच्या घरी गेलो. तिचा नवरा दारातून हलेना. "साहेब, नोकरी जाई," एवढंच म्हणत राहिला. लता आतून आली. सुकलेली. म्हणाली, "बठ्ठा डॉक्टर सांगतस टीबी शे. ताईलेबी टीबीच सांगेल व्हतं ना? ताई गयी. आते मना नंबर शे का?"

मी म्हणालो, "बाई धुळ्याला तपासतील. मी नेतो. स्टँडवर माझं ऐकतात, जागा मिळेल." तिनं नवऱ्याकडे पाहिलं, मग चपला घातल्या. तिच्यामागे खोलीतल्या आणखी बायका आल्या. एकेकीच्या छातीत तुझ्यासारखेच डाग सापडत गेले. बाई आता मान हलवत नाहीत. त्यांनी सगळ्यांची कागदपत्रं एकत्र बांधली आणि बायकांनी तक्रारीवर सह्या, अंगठे केले.

आणि मग गेल्या आठवड्यात तपासणी झाली. ते तुला सांगायलाच मी हे लिहायला बसलो.

कारखाना खात्याचा अधिकारी आला. तरुण, सज्जन वाटला. शेखरनं खोली धुऊन पुसून लख्ख केली होती. भिंतीला नवाकोरा पंखा. खुंट्यांवर ओळीनं चकचकीत मास्क, प्लॅस्टिकची पिशवीसुद्धा न फोडलेली. अधिकाऱ्यानं खोली पाहिली, बायकांचं ऐकलं, आणि डोकं खाजवत मला म्हणाला, "काका, तुमचं दुःख कळतं. पण कामामुळे होणाऱ्या आजारांची जी यादी आमच्याकडे आहे, तिच्यात हे बसवायचं कुठं? चांदी धोक्याची असं कुठं लिहिलेलं नाही. आणि बारीक चांदीसाठी वेगळं काहीच लिहिलेलं नाही."

शेखरचा चेहरा खुलला. "मी तेच सांगतोय साहेब. चांदी! वर्ख आपण मिठाईवर खातो. लहान लेकरांना चांदीच्या वाटीतून दूध देतो. या लोकांनी शेणावरून..." आणि तो हसला.

शैला, तू जिवंत असतीस तर तिथं उभं राहून त्या अधिकाऱ्याला स्वभाव पालटण्याची गोष्ट सांगितली असतीस, केसाची, चिरण्याची. मला ते येत नाही. मला एकच गोष्ट येते. मी पिशवीतून तुझा फडका काढला. तू नाकावर बांधायचीस तो, निळ्या ठिपक्यांचा. आणि स्टँडवर शेवटची गाडी पुकारतात त्या आवाजात म्हणालो,

"चांदी निरुपद्रवी आहे ना, शेखरभाऊ? मग चला. मशीन सुरू करा. तुमचा नवा पंखा बंद ठेवा, माझ्या बायकोच्या वेळी नव्हता तो. हा फडका नाकाला बांधा. आत जा आणि चहाच्या सुट्टीपर्यंत चटया उलटा. बाहेर आलात की मी तक्रार मागे घेतो. सगळ्यांसमोर सांगतो, मागे घेतो."

विणायची मशीनं एकेक करून थांबली. बायका, माणसं, वॉचमन, सगळे येऊन उभे राहिले. शेखर अधिकाऱ्याकडे बघायला लागला. अधिकाऱ्यानं नुसती वही उघडली.

"हा काय तमाशा आहे?" शेखर म्हणाला.

"आत जा."

"भाऊजी, मला दम्याचा त्रास आहे."

लता पुढे आली. खोकत होती, पण आवाज खणखणीत. "आन् आमना फुफ्फुस काय लोखंडना शेतस का?"

कुणी हसलं नाही. शेखरनं माझ्या हातातल्या फडक्याकडे पाहिलं आणि एक पाऊल मागे गेला. एकच पाऊल. पण ते सगळ्यांनी पाहिलं. ज्या खोलीत त्यानं तुला वर्षानुवर्षं उभं केलं, तिच्या उंबऱ्यापासून तो मागे सरला, आणि त्याचे सगळे कामगार ते बघत होते.

अधिकाऱ्यानं लिहिलं, मोठ्यानं वाचूनही दाखवलं: मालकाने स्वतः खोलीत जाऊन काम करण्यास नकार दिला. मग म्हणाला, "यादीत नाव नसेल. पण ज्या खोलीत मालक जायला भितो, तिथं मी बायकांना पाठवू देणार नाही." पूर्ण तपास होईपर्यंत त्यानं खोलीला सील लावलं, नाल्यातलं पाणी तपासायला घेतलं आणि वरच्या कार्यालयाला लिहून कळवायचं ठरवलं की अशा बारीक पदार्थांसाठी वेगळा नियम हवा. लिहील का, वर कुणी वाचेल का, मला ठाऊक नाही. पण तुझं वाक्य कुणी तरी सरकारी शाईत लिहिणार आहे.

बातमी माझ्याआधी बाजारात पोचली. आता चटईच्या दुकानात गिऱ्हाईक विचारतं, "ही तीच का, जिला मालक घाबरला?" दुकानदार माल परत पाठवतायत. शेखर घरातून बाहेर पडत नाही म्हणे. त्याच्या बायकोनं नानाला फोन केला, दाजींना समजवा म्हणून. नानानं मला विचारलं नाही. तोच म्हणाला, "वहिनी, अक्काची चिरफाड मी अडवत होतो. आता कुणाला काय समजावू?" आणि फोन ठेवला. तुझा भाऊ ताळ्यावर आलाय.

मुक्तानं वकील पाहिला आहे. खटला उभा राहील. बाई साक्षीला येणार, लता येणार, आणि बोलायला दम राहील तोवर बाकीच्या येणार. काहींना राहणार नाही, हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. म्हणून मी शेखरला सोडणार नाही. त्यानं हात जोडले तरी नाही. तुझ्या फोटोपुढे डोकं आपटलं तरी नाही. मला म्हातारपण आहे आणि वेळ आहे, आणि दुसरं काही काम उरलेलं नाही.

एकच गोष्ट तुझ्याशी बोलायची राहिली आहे. ती मुक्ताला सांगितली नाही, कुणालाच नाही.

काल बसल्या बसल्या मी विचार करत होतो, तो मागे सरला नसता तर? घमेंडीच्या भरात फडका बांधून आत गेला असता तर? पंखा बंद, मशीन सुरू, दार लावलेलं. तू तिथं असतीस तर मला माहीत आहे तू काय केलं असतंस. धावत गेली असतीस, त्याचा हात धरून त्याला बाहेर ओढलं असतंस, त्याच्या तोंडावर आधी मास्क लावला असतास आणि मग त्याला झापलं असतंस. तुझ्या मारेकऱ्यालासुद्धा तू आत श्वास घेऊ दिला नसतास.

मी दार धरून उभा राहिलो असतो, शैला. बाहेरून.